छपरावरून खिडकीत

मी एक जुना अँटेना आहे, मित्रांनो, आणि सध्या खिडकीला टेकू देऊन उभा आहे. माझ्यावर असा दिवस येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझी उमेदीची वर्षं एका मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, छपरावर गेली. घरात दोघंच: सुतारकामातून निवृत्त झालेले काका आणि काकू. त्यांची लेक रेडिओवर संध्याकाळी पाचच्या बातम्या वाचते. गाडी कुठेही असो, पाच वाजले की काकू हातातलं काम टाकून रेडिओपाशी बसतात.

मला बसवताना काकांनी छपराचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा लख्ख उघडा केला होता. माझं बूड उघड्या पत्र्याला भिडलं की मला बळ येतं. डोंगराआडूनही मी लेकीचा आवाज ओढून आणायचो.

"पठ्ठ्या आहे आपला!" म्हणत काका मला थोपटायचे. मीही चढून जायचो.

मग छप्पर गळू लागलं. काकांनी मला उतरवलं, छपराला जाड रंगाचे दोन हात दिले आणि त्या रंगावरच मला आवळलं. नव्या रंगावर ओरखडा काढायचं सुताराच्या जिवावर आलं, आणि त्या नादात पत्र्याचं ध्यानातच राहिलं नाही. त्या दिवसापासून रेडिओवर नुसती खरखर.

"अहो, पोरीचं एक अक्षर कळत नाही हो," काकू रडवेल्या झाल्या.

"अगं, अँटेना म्हातारा झालाय."

म्हातारा? मी जीव तोडून राबत होतो, मित्रांनो!

काकांनी नवा, चकचकीत अँटेना आणला. मला काढताच त्यांना माझ्याखालचा रंग दिसला. ते थबकले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अरेच्चा, पत्रा घासायचाच राहिला!" मग इकडेतिकडे पाहत त्यांनी पॉलिश पेपर घेतला, पत्रा घासला आणि तिथे नव्याला बसवलं.

पाच वाजता लेकीचा आवाज खणखणीत आला. काकूंचे डोळे भरून आले.

"सांगितलं नव्हतं तुला?" काका म्हणाले. "जुना पार कामातून गेला होता."

चूक कुणाच्याही हातून होते, तिचा मला राग नाही. पण कळल्यावरही त्यांनी ती माझ्या माथी मारली, हे फार डाचतं. आता त्यांनी मला खिडकीची झडप उघडी धरायला टेकू म्हणून लावलंय, आणि तिथून हात बाहेर काढताना ते माझी नजर टाळतात.

मित्रांनो, कुणाला निकामी ठरवण्याआधी त्याच्या पायाखाली आपणच काय घातलंय ते बघा. आणि दिसलं, तर गप्प बसू नका. काकूंना अजून काही माहीत नाही.