वरचा सा

गोवर्धनरावांचा गळा माझ्या हातात होता, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुणी म्हणायला नको की वाहेदनं लपवलं. लपवायचं होतं तेवढं मी त्याच दिवशी लपवून बसलो.

मी नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचो. आमच्याकडे त्याला पायपेटी म्हणत. पायाखालच्या दोन फळ्या सारख्या दाबत राहायच्या, तेव्हा भात्यात हवा भरते आणि बोटांना सूर मिळतो. पाय थांबले की गाणं संपलं. अकरा वर्षं मी बसल्या जागी चाललो, आणि तेही रंगमंचाखालच्या खड्ड्यात, लोकांकडे पाठ करून. जाहिरातीच्या कागदावर पडदे रंगवणाऱ्याचंसुद्धा नाव असे, माझं नसे. गवई चुकला की मी सावरायचं आणि टाळी त्यानं घ्यायची. कितीदा मनात आलं, की पेटीला लाथ मारावी आणि सरळ घरी निघून जावं.

गेलो नाही, याला कारण गोवर्धनराव. ते आमच्या कंपनीची नायिका. लुगडं नेसून, नथ घालून उभे राहिले की बायका त्यांचा पदर कसा आहे ते बघून घेत. ते एखादी तान वर नेत आणि मध्येच सोडून देत, माझ्यासाठी. मी ती खाली उचलायची आणि तिला वळण देऊन परत त्यांच्या हाती ठेवायची. असं जमलं की सगळं थिएटर चिडीचूप होई. अंगावर काटा येई. त्या चार क्षणांसाठी मी चार तास पाय मारायचो, आणि परत मारले असते.

सन सव्वीसच्या थंडीत अमरावतीचा मुक्काम संपत आला, तेव्हा त्यांचा आवाज चिरकायला लागला. सकाळी ते विहिरीवर रुमाल स्वतः धूत. नायिकेचं काम करणारा माणूस स्वतःचा रुमाल का धुतो, हे मला कळायला हवं होतं. डॉक्टरनं घशात बत्ती धरून पाहिलं आणि सांगितलं, आत जखम आहे, दोन महिने गाणं बंद. पण आमचे मालक शेषराव अकोल्याचे पाच खेळ कबूल करून बसले होते. शेवटी असं ठरलं की पाच खेळ करायचे, प्रत्येक पद एकदाच म्हणायचं, आणि मग विश्रांती.

आता एकदाच म्हणजे काय, ते सांगायला हवं. पद रंगलं की लोक 'वन्समोअर' ओरडत, आणि गवयाला नाही म्हणता येत नसे. नाही म्हटलं तर तो माजला असं लोक समजत. पण पेटीनं सूर दिला नाही तर गवई काय करणार? तो हात जोडून पुढचं भाषण सुरू करी आणि शिव्या पेटीवाल्याला बसत. म्हणजे परत गायचं की नाही, हे माझ्या बोटावर होतं.

निघायच्या दिवशी गोवर्धनरावांची बायको शकुनवहिनी सामानाच्या गाडीपाशी आली.

"वाहेदभाऊ, त्याईले परत गाऊ देऊ नका," ती म्हणाली. "ते सोता थांबनार नाईत. लोकं ओरडले का त्याईले मंग काईच दिसत नाई. तुमी सूर देल्ला नाई तं बरोबर थांबतीन."

"नाही देणार, वैनी. अल्लाची कसम."

"निरोपाच्या पदाले तं बिलकुल नाई."

निरोपाचं पद तिसऱ्या अंकातलं. त्याला पेटीवर नुसता वरचा सा धरायचा, एकच सूर, लांब, आणि गोवर्धनरावांनी त्यातून उठायचं. सगळा जीव त्या पदात होता. मी वहिनीला म्हटलं, त्याला तर बिलकुल नाही.

अकोल्याला खेळ एका बंद पडलेल्या जीनच्या, म्हणजे कापसाची सरकी काढून रुई करायच्या कारखान्याच्या, टिनाच्या शेडमध्ये होते. आजूबाजूला रुईच्या गंजी, म्हणून जीनवाल्यानं अट घातली होती की दिवा, कंदील, काही पेटवायचं नाही. दुपारी दोनला पडदा उघडायचा आणि दिवस मावळायच्या आत शेड रिकामी करायची. कुंपणापलीकडचं जीन चालू होतं. त्याची घरघर दिवसभर थांबत नसे, आणि तिच्या वर जायला गोवर्धनरावांना आवाज चढवावा लागे. हवेत रुईचे तंतू उडत. केसांवर बसत, भुवयांवर बसत, नाकात जात. सगळी कंपनी खोकायची. एकटे गोवर्धनराव खोकत नसत. खोकला आला की ते ओठ घट्ट मिटून डोळे बंद करून उभे राहत, आणि मला त्याचीच भीती वाटायची.

पहिल्या खेळाला वन्समोअर आला. मी हात मांडीवर ठेवून बसलो.

"ए पेटीवाल्या, झोपला का बे?" मागून कुणीतरी ओरडलं आणि माझ्या मानेवर भुईमुगाची टरफलं पडली. दुसऱ्या खेळाला तेच झालं. आमचे तबलजी नत्थुजी हळूच म्हणाले, "देऊन टाक ना एकडाव, काहून मार खाऊन राहिला?" मी दिला नाही. अकरा वर्षं कुणी माझ्याकडे पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते टरफलं मारायला.

तिसऱ्या खेळाला भलतंच झालं. भर प्रवेशात पेटीतला मध्यम अडकला. बोट उचललं तरी सूर वाजतच राहिला. आत रुईचा तंतू बसला होता. लोक हसायला लागले. मी मागची फळी काढली, आत हात घालून तो तंतू चिमटीनं ओढला, तेव्हा कुठे तो सूर गप्प झाला. शकुनवहिनी विंगेत उभी राहून सगळं बघत होती. त्या दिवसापासून मी रोज सकाळी पेटी उघडून कबुतराच्या पिसानं आणि फडक्यानं एकेक पट्टी पुसायला लागलो. मूठभर रुई निघायची.

चौथा खेळही निभावला. पाचव्या खेळाच्या दिवशी सकाळी मी पेटी अशी साफ केली की आत एक तंतू राहू दिला नाही, आणि वर चादर टाकली. मनात म्हटलं, आजचा दिवस गेला की सुटलो.

पडदा उघडायच्या आधी मागे वळून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत माझा मोठा भाऊ बसलेला.

रहमतुल्ला. पातूरला त्याचं कापडाचं दुकान. मी कंपनीत गेलो त्या दिवशी तो म्हणाला होता, की लुगडं नेसणाऱ्या मर्दांच्या पायाशी बसणारा माझा भाऊ नाही. तेव्हापासून एक शब्द बोलला नव्हता. अब्बांच्या मयतीलासुद्धा माझ्याशेजारी उभा राहिला नाही. बाजाराला आला असेल, कुणी ओढून आणलं असेल. कडक टोपी घातलेला, हाताची घडी घालून माझ्या पाठीकडे बघत होता.

मी त्या दिवशी कसं वाजवलं ते मला सांगता येत नाही. पाय माझे नव्हतेच. गोवर्धनरावांनी एकदा खाली पाहून भुवई उंचावली, की आज काय झालंय याला? आणि मग त्यांनीही हात आखडता घेतला नाही. तिसऱ्या अंकात निरोपाचं पद झालं आणि शेड उठून उभी राहिली. "वन्समोअर! वन्समोअर!"

मी हात मांडीवर ठेवले. शपथ आठवत होती. विंगेत वहिनी दिसत होती. गोवर्धनरावांनी हात जोडले आणि पुढच्या भाषणाला तोंड उघडलं.

तेवढ्यात तो आवाज आला. अकरा वर्षांत ऐकला नव्हता, तरी हजारांत ओळखला असता.

"वाहेद! अरे वाहेद! और एक बार!"

सगळ्या शेडमध्ये माझं नाव पसरलं. मागे कुणीतरी विचारलं, वाहेद कोण? आणि कुणीतरी सांगितलं, तो काय, पेटीवाला.

माझं बोट वरच्या सा वर गेलं.

सूर लागल्यावर गोवर्धनराव दचकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. मला वाटतं आनंद होता, आणि तो आठवला की आजही मला जेवण जात नाही. ते त्या सुरातून उठले आणि इतक्या वर गेले की पलीकडचं जीन ऐकू येईना. तान सोडली, मी उचलली, परत दिली. असं आम्ही त्याआधी कधी वाजवलं-गायलं नव्हतं. लोक वेडे झाले. "अजून एक!" आणि मी, हो मीच, दुसऱ्यांदा बोट ठेवलं. या वेळी कुणी माझं नाव घेतलं नव्हतं.

अर्ध्या पदात आवाज तुटला. मी वाट बघत सूर धरून होतो, तान खाली येईल म्हणून. तान आली नाही. गोवर्धनरावांनी पदर तोंडाला लावला आणि काढला तेव्हा हनुवटीवर लाल ओघळ होता. लोकांना वाटलं नायिका विडा खाऊन आली आहे. टाळ्या वाजत राहिल्या. पडदा पडल्यावरही वाजत होत्या.

आत धावाधाव झाली. शेषराव डॉक्टरला आणायला टांग्यातून गेले. वहिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातावर रक्त होतं.

"कावून देल्ला सूर, भाऊ?"

"अडकला, वैनी," मी म्हणालो. "रुई गेली आत. त्या दिवशी मध्यम अडकला होता ना, तसा."

तिनं मान डोलावली. अकोल्यात त्या दिवसांत यावर कुणीही विश्वास ठेवला असता. बाहेर रहमतुल्ला थांबला होता. त्यानं मला छातीशी धरलं आणि रडत म्हणाला, "आज पता चला तू क्या करता है." मला त्याचे हात नकोसे झाले.

रात्र गोवर्धनरावांनी धर्मशाळेत बसून काढली. आडवं होता येत नव्हतं. जीव वाचेल, डॉक्टर म्हणाला, गळ्याची आशा सोडा. काही सांगायचं तर ते बोटानं जमिनीवर लिहीत.

सकाळी सामान बांधायला मी शेडमध्ये गेलो तर शकुनवहिनी आधीच तिथे होती. पेटीची मागची फळी काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. ती जमिनीवर बसून माझ्यासारखंच पीस आणि काळं फडकं घेऊन एकेक पट्टी पुसत होती.

"राहू द्या वैनी, मी करतो," मी म्हणालो.

"त्याईनंच लिवून सांगलं," ती म्हणाली. "वाहेदची पेटी साफ करून दे, तो मनाले लावून घेईन. त्याचा दोष नाई म्हने."

पलीकडचं जीन सुरू झालं होतं. तिनं शेवटची पट्टी पुसली, फडकं दोन्ही हातांनी पसरलं आणि उजेडाकडे धरलं. मग पेटीत वाकून पाहिलं, आणि परत फडक्याकडे पाहिलं.

"वाहेदभाऊ," ती म्हणाली, "यात तं काईच नाई निंगालं."