पाणी मागणारी पोर

हरतालिकेचा माझा निर्जळी उपास होता. सकाळीच माझ्या लहानग्या लेकीच्या, शेवंताच्या पोटात कळा सुरू झाल्या, म्हणून तिला सानगडीहून एसटीने भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात आणले. सिस्टर म्हणाल्या, "ऑपरेशन लागू शकते. डॉक्टर पाहीपर्यंत पाण्याचा थेंबही देऊ नका."

डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकले होते. बाकावर माझ्या मांडीवर डोके ठेवून शेवंता सारखी म्हणे, "माय, मले पानी दे ना."

"आज मीबी पानी नाही पेली. आपून दोघी महादेवाचा उपास करू."

"तुहा महादेव लय कंजूस आहे. डोक्यावर गंगा ठेवते अन् मले घोटभर देत नाही."

मला हसू आले, तिला नाही.

दुपार कलली आणि तिने पाणी मागणेच सोडले.

"शेवंते, पानी पाह्यजे का?" मी विचारले.

तिने डोळे उघडले नाहीत. तिचे हात गार लागले. जन्मात कधी आवाज न चढवलेली मी सिस्टरांच्या खोलीचे दार लोटून आत शिरले आणि ओरडले, "माही पोरगी पानी मागत नाही!"

सगळे धावले. स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीत जाताना शेवंता पुटपुटली, "पानी."

तो शब्द ऐकला आणि मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले.