धोंडाबाईची थाळी

मी एक जुनी पितळी थाळी आहे. भोईवाड्यातल्या एका चाळीत पोटमाळ्यावर राहते. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा. माझ्या पोटात साठ वर्षांचा राग आहे.

भुलेश्वरच्या मागं एका तांबटानं मला ठोकून ठोकून घडवली. घरात आणली ती जगनच्या लग्नासाठी. जगनची शिवडी बंदरात होडी होती. आमच्यात रीत अशी की थाळीत तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. माहेरचं नाव तिथंच संपलं.

नवरीचं नाव होतं धोंडा. तिच्या आईची तीन पोरं पाळण्यातच गेलेली. चौथी तरी टिकावी म्हणून आईनं तिला दगडाचं नाव दिलं. दगडाला कोण उचलतो? यमसुद्धा बघून पुढं जाईल. धोंडू, कोंडीराम, धोंडाबाय, ही सगळी नावं अशीच. ऐकायला ओबडधोबड, पण पोर राखायला ठेवलेली.

जगनची बहीण दौलत तेव्हा पंधरा वर्षांची. चार यत्ता शिकलेली, त्यामुळं जिभेला धार.

"धोंडा? दादा, हिला दोरी बांधून होडीचा नांगर करायचा काय?"

सगळा मांडव हसला. जगनपण हसला.

"मग तूच सांग," तो म्हणाला.

"आपल्या होडीचं नाव काशी ना? तेच लिव. दोन नावं कोण पाठ करणार?"

जगननं लिहिलं. दौलतनं मोठ्यानं वाचलं, "काशी." नवरीला अक्षरओळख नव्हती, ती नुसती तांदळाकडं बघत राहिली. कोपऱ्यात तिची आई पदर तोंडात धरून उभी होती. पाप माझ्या पोटावर झालं, आणि मला तोंड नव्हतं.

पुढं माझं कौतुक खूप झालं. बारशाला मी, हळदीला मी, नारळी पुनवेला नारळ माझ्यातच. काशीबाई परळच्या बाजारात मासे विकायची, आणि दर दिवाळीला मला चिंचेनं घासायची. घासायची कसली, बोटं सोलून निघेपर्यंत खरवडायची. मला कळायचं ती काय खरवडतेय ते. आई गेल्यावर तिला धोंडा म्हणणारं जगात कोणी उरलं नाय. मग स्टील आलं आणि मी गेले माळ्यावर, फाटक्या जाळ्याखाली. कल्हई उडाली, अंगावर हिरवट डाग आले. राग मात्र लख्ख राहिला.

मागच्या मे महिन्यात नातवाचं, स्वरूपचं लग्न ठरलं. मुलगी तेजस्वी, परळच्या एका इस्पितळात नर्स. जगन जाऊन बारा वर्षं झालेली. काशीबाईनं मला खाली उतरवली आणि स्वतः घासली.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये दौलतआत्या पहिल्या खुर्चीत. गुडघे गेले, जीभ शाबूत.

"तेजस्वी काय बायकांचं नाव आहे? पोरासारखं वाटतं. स्वरूप, नूपुर लिव."

"आत्या, माझ्या सगळ्या कागदांवर तेजस्वी आहे," पोर हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"कागद बदलतात गो. आमच्या काशीला विचार."

स्वरूपनं बोटातली अंगठी काढली. तेवढ्यात काशीबाईनं मला भटजींच्या हातातून घेतली.

"आज घरात मोठी मी. ती अंगठी पोरीला दे." मग तेजस्वीला म्हणाली, "बाय, तुझं नाव तुझ्यापाशी ठेव. इथं माझं लिव. धोंडाबाय."

तेजस्वीनं लिहिलं. काशीबाई मला घेऊन चालत गेली आणि तिनं मला दौलतच्या मांडीवर ठेवली.

"वाच."

"काय गो, लग्नात तमाशा करतेस?"

"तू केलास तो काय होता? मला वाचता येत नाय. तुला येतं. वाच."

दौलतनं इकडंतिकडं पाहिलं. कोणी हसेना. तिनं माझा काठ घट्ट धरला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

"धोंडाबाय," ती पुटपुटली.

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाय."

"धोंडाबाय."

"नांगर म्हणाली होतीस. माझी आई उपाशी गेली त्या दिवशी मांडवातून. आता जेवून जा, आत्या. मटण आहे." माफ केलं असं काशीबाई म्हणाली नाय. मीपण म्हणत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस्वी चहा घेऊन आली. "धोंडाआजी, चहा."

म्हातारी खिडकीत बसलेली, हललीच नाय. तेजस्वीनं परत हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारून खांद्याला हात लावला, तेव्हा ती वळली.

"कोणाला बोलावतेस गो?"

"तुम्हालाच, आजी."

तिनं कप हातात घेतला. साठ वर्षांत कानच दुसऱ्या नावाचे झाले होते. मग म्हणाली, "दौलतला फोन लाव. म्हणावं, रोज सकाळी ये. माझे कान परत येईपर्यंत माझं नाव वाचायला."

मित्रांनो, भांड्याला डाग पडला तर चिंच आहे. नावाला चिंच नाय. घरी जा, आजीला तिचं पहिलं नाव विचारा, आणि त्याच नावानं हाक मारा. ऐकून हसू मात्र नका. मी अजून जड आहे, आणि माळ्यावरून पडायला मला वेळ लागत नाय.