रविवारी दहा वाजता बोलणारी डबी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. तळहाताहून थोडी मोठी, झाकणावर ओरखडे, एका कोपऱ्याला पोचा. पण मित्रांनो, हसू नका. माझ्या पोटातून निघालेले शब्द समुद्र ओलांडून गेले आहेत, आणि तेही एकदोनदा नव्हे. फुशारकी मारते आहे असे वाटत असेल तर वाटू द्या. ज्याने काम केले आहे त्याने ते सांगायला लाजू नये.

माझे पहिले आयुष्य बटणांमध्ये गेले. आमच्या काकू घरी कपडे शिवतात. शर्टाची, झग्यांची, कोटांची बटणे माझ्यात असायची. काकू न बघता हात घालायच्या आणि हवे तेच बटण बाहेर काढायच्या. दिवस सुखाचे होते, पण खरे सांगायचे तर खुळखुळण्यापलीकडे मला काही येत नव्हते.

काका, म्हणजे काकूंचे यजमान, जहाजावर रेडिओ ऑपरेटर होते. लांब आणि आखूड ठोक्यांची मोर्सची भाषा त्यांच्या बोटांत मुरलेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला, गच्चीवर तार ताणली आणि जहाजावरच्या जुन्या सोबत्याशी दर रविवारी सकाळी दहा वाजता गप्पा सुरू केल्या. सोबती समुद्रापलीकडे राहतो. काका त्याला लंबू म्हणतात. बावीस वर्षांत त्या दोघांनी एक रविवार चुकवला नाही.

मग काकांचे कान गेले. वादळाच्या गदारोळातून एक बारीक ठोका टिपणाऱ्या माणसाला दारावरची घंटाही ऐकू येईना. कानात घालायचे यंत्र आणले, पण त्यातून नुसता कालवा ऐकू येई. काकू समोर बसून बोलल्या की काका ओठ वाचत. मोठे काही सांगायचे असेल तर काकू शिवणाच्या खडूने काळ्या कापडाच्या तुकड्यावर लिहून दाखवत. रेडिओवर मात्र दोन वर्षे चादर पडून राहिली. रविवारी दहा वाजायला आले की काका चपला घालून उगाच बाहेर फिरायला जात.

"अहो, पत्र लिहा ना त्यांना," काकू म्हणत.

"पत्रात समोर कुणी बसलेलं नसतं गं," काका म्हणत. "रेडिओवर तो तिकडे असतो. आत्ता, या घडीला."

शेवटी काकूंनीच गुपचूप कळवले असावे, कारण पत्र आले ते लंबूचे. त्याने लिहिले होते की ठोके ऐकू येत नसतील तर ऐकू नकोस. आता संगणकावर टाइप केलेली अक्षरे साउंडकार्डातून सूर होऊन निघतात. ते सूर रेडिओवरून जातात आणि पलीकडचा संगणक त्यांची पुन्हा अक्षरे करतो. ह्यात कानांचे काही काम नाही. फक्त रेडिओ आणि साउंडकार्ड यांच्यामध्ये एक मध्यस्थ हवा. पत्राच्या शेवटी लंबूने लिहिले होते, "मी दर रविवारी दहाला रेडिओवरच्या जुन्याच जागी असेन."

मित्रांनो, तो मध्यस्थ म्हणजे मी!

काकांनी बंद पडलेला एक मोडेम उघडला आणि त्यातून साखरेच्या खड्याएवढे दोन ट्रान्सफॉर्मर काढले. ह्यांचा गुण मोठा गमतीचा आहे. आत तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातला आवाज शेजारच्या वेटोळ्यात जातो, पण तारेला तार लागत नाही. त्यामुळे संगणकाची घरघर रेडिओत शिरत नाही. हे सगळे ठेवायला पत्र्याची डबी हवी होती. काकू बाजारात गेलेल्या. काकांनी बटणे एका वाडग्यात ओतली आणि मला भोके पाडली. दुखले, पण थोर कामासाठी दुखते आहे अशी मी मनाची समजूत घातली. माझ्यात तारा आल्या, डाख लागला, आणि आवाज कमीजास्त करायला समोर एक नॉब बसला.

काकू घरी आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हे चाललं नाही ना," त्या म्हणाल्या, "तर सगळी बटणं मी तुमच्या रेडिओत भरीन."

काकांनी ओठ वाचले आणि ते दोन वर्षांत पहिल्यांदा खदखदून हसले.

पहिल्या रविवारी दहा वाजता पडद्यावर अक्षरे उमटली. "दहा वाजले. तू आहेस का?" काका खुर्चीतून उठूनच उभे राहिले. त्यांनी उत्तर टाइप केले आणि पाठवले. थोड्या वेळाने लंबूची अक्षरे आली. "कुणीतरी आहे. सगळे पसरले आहे, एक शब्द वाचता येत नाही. तू नक्कीच नाहीस. तू असा घाणेरडा आवाज कधी पाठवला नसतास."

ते वाचून काकांचा चेहरा पडला. जहाजावरची सवय अशी, की पलीकडच्याला कळले नाही तर जोर वाढवायचा. काकांनी माझा नॉब पार उजवीकडे पिळला. दुसऱ्या रविवारी तेच झाले, तिसऱ्या रविवारी तेच. मित्र समोर होता, त्याचा शब्द न् शब्द वाचता येत होता, आणि तो मात्र ह्यांना परका समजत होता. पत्र लिहून विचारावे, तर अभिमान आडवा येत होता.

"डबीच नालायक आहे," काका म्हणाले. काकांनी तंत्रशाळेला कळवून टाकले, की माझा रेडिओ मुलांना शिकायला घेऊन जा. सोमवारी त्यांची गाडी येणार होती. मध्ये एकच रविवार उरला.

त्या रविवारी काकू शेजारच्या खोलीत शिवत होत्या आणि त्यांच्या लहान रेडिओवर गाणे लागले होते. काकांनी हाक पाठवली आणि गाण्यात चरचर सुरू झाली. गेले तीन रविवार हेच चालले होते, पण काकू बोलल्या नव्हत्या. इतक्या दिवसांनी हा माणूस त्या खुर्चीत बसला आहे, त्याच्यापुढे गाण्याचे गाऱ्हाणे कशाला, असे त्यांना वाटत होते. उद्या रेडिओच जाणार म्हटल्यावर मात्र त्यांना राहवेना. त्यांनी खडू घेतला आणि कापडावर लिहिले, "बावीस वर्षं तुम्ही टकटक केलीत, माझ्या गाण्यात कधी चरचर आली नाही. आता का येते?"

काका ते वाचतच राहिले. आपला आवाज आपल्या जागेबाहेर सांडतो आहे, हे जाणत्या ऑपरेटरला निराळे सांगावे लागत नाही. पूर्वी असे काही झाले की कान लगेच सांगायचे. रेडिओवर एक काटा असतो, आवाज जास्त झाला की तो उजवीकडे आपटतो. पण काकांनी उभ्या जन्मात त्या काट्याकडे बघितले नव्हते. कान शाबूत असताना काटा कोण बघतो? कान गेले, तरी सवय गेली नव्हती.

"तू काटा बघ," काका म्हणाले. "मी पाठवतो."

काकूंनी चष्मा नाकावर ओढला. "अगं बाई, हा तर नुसता आपटतोय!" आणि कुणाला न विचारता त्यांनी माझा नॉब धरला. शिवणयंत्राच्या दोऱ्याचा ताण सैल करतात तसा त्यांनी तो केसाकेसाने डावीकडे फिरवला. "एवढं खेचल्यावर दोरा तुटणार नाही तर काय होईल?"

मला तर घसा मोकळा झाल्यासारखे वाटले. तीन आठवडे मी नुसती किंचाळत होते. आता काटा शांत झाला आणि शेजारच्या खोलीतले गाणे स्वच्छ ऐकू येऊ लागले.

"अगं, एवढासा आवाज कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तरी जाईल का?" काका कुरकुरले.

काकूंनी बोटानेच बजावले, पाठवा.

काकांनी पाठवले. पडदा रिकामाच राहिला. काकूंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. मग एकेक अक्षर येऊ लागले.

"वाचले. सगळे वाचले. म्हणजे तीन आठवडे तो तूच होतास?"

काकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. ते आधी डोळे पुसू लागले. लंबूला मात्र दम नव्हता. त्याने पुढे लिहिले, "आज आवाज कुणी कमी केला? तू तर करणार नाहीस. वहिनींना नमस्कार सांग."

काका असे हसले की खालच्या मजल्यावरचे लोक बघायला आले. आल्यासरशी काकांनी त्यांना पडदा दाखवला, रेडिओ दाखवला आणि मग, मित्रांनो, मला दोन्ही हातांत उचलून दाखवले. "हिने केलं," काका म्हणाले. काकूंनी कमरेवर हात ठेवले. "हिने आणि हिने," काकांनी लगेच दुरुस्ती केली.

सोमवारी तंत्रशाळेची गाडी आली, ती चहा पिऊन रिकामी परत गेली. पण काका शब्दाला जागले. दर गुरुवारी ते तिथे जाऊन मुलांना माझ्यासारख्या डब्या करायला शिकवतात. माझ्या एकोणतीस बहिणी झाल्या आहेत. हल्ली नव्या रेडिओंच्या पोटात माझे काम आधीच भरलेले येते, असे ऐकते. येवो बापडे! माझी जागा अजून टेबलावरच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा उघडून बघा, एवढे सांगण्याचा मला हक्क आहे. आणि तुमच्या घरात कुणाला ऐकू येत नसेल, तर त्याच्या कानाशी ओरडू नका. तुमचा जोर कमी पडलेला नसतो. त्याच्या समोर बसा, आणि त्याला समजेल असा रस्ता सापडेपर्यंत उठू नका.