रुमालाखालचा भाव

आर्वीच्या बैलबाजारात मनोहरराव दलाल भाव कधी तोंडानं बोलला नाही. रुमाल टाकायचा, त्याखाली समोरच्याची बोटं दाबायची, झाला सौदा. जनावर गेलं तरी दावं मात्र विकणाऱ्याकडेच राहतं, ही तिथली जुनी रीत.

अठ्ठ्याण्णव साली त्याच्या पोराला, आदेशला न्यायला कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबचा माणूस आला. मनोहररावानं सवयीनं रुमाल टाकला. हात बाहेर काढला तेव्हा बोटं निळी पडलेली.

"काय झालं जी?" त्याची बायको पंचफुला म्हणाली.

"सहा बोटं हायेत व त्याले. अन् हात असा थंडा, जसा विहिरीतला गोटा."

"मंग मोडा सौदा!"

"बोट दाबलं म्हणजे दाबलं. आता मोडत नाई."

पंचफुलानं पोराच्या बुटांच्या दोन्ही नाड्या काढून घेतल्या.

"माय, मी काय बैल हाओ?" आदेश हसला आणि बिननाड्यांचे बूट फटफटवत एसटीत चढला.

मग नागपूरहून तीन पेपरवाले आले. कितीत गेला पोरगा? मनोहररावानं रुमाल पुढं केला. मी होतो ना तिथं; त्यांचा चहा गार होऊ नये म्हणून मीच पीत होतो. तिघांनी पाळीपाळीनं हात घातला. "तिघांचीही मी तीच चार बोटं दाबली," असं मनोहरराव शपथेवर सांगे. सकाळी एका पेपरात चार लाख, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात अकरा!

"अकरा बोटं कुठून आणली गा, मनोहरराव?" बाजार हसला. मनोहरराव हसला नाही. त्याच्या हाताला अजून ऊब आली नव्हती.

पुढं तर पेपरांतले आदेशही जुळेनात. एकाच दिवशी तो कलकत्त्यात गोल मारे, गोव्यात हरे आणि तिसऱ्या पेपरात गुडघा मोडून दवाखान्यात पडलेला असे. घरी मात्र एक फोन नाही.

"चाराचा एक, साताचा एक, अकराचा एक," पंचफुला म्हणाली. "अन् यातला माहा कोणता?"

तिनं एक नाडी गोठ्यातल्या खुंट्याला बांधली आणि चुकलेल्या बैलाला हाकारतात तसं पोराला हाकारलं. नाडीचं मोकळं टोक जमिनीवरून उठलं, ताणलं गेलं.

दुपारच्या एसटीनं आदेश उतरला. पायात तेच बूट.

"माय, भूक लागली."

तिनं भाकर पुढं केली. घ्यायला हात आला. बोटं सहा.

भाकर तिनं दिलीच. दारी आलेल्या भुकेल्याला नाही कसं म्हणायचं? मग गोठ्यात जाऊन तिनं दुसरी नाडी खुंट्याला बांधली.

"आदेश रे!"

घरातून ओ आली. तिनं तिकडं वळूनसुद्धा पाहिलं नाही. नाडी हळूहळू ताणली जाऊ लागली होती.