पाना नंबर सतरा

मी एक जुना पाना आहे, मित्रांनो. ट्रकचे मोठे नट आवळणारा, हातभर लांबीचा. माझ्या दांड्यावर अरबीत एका गॅरेजचं नाव ठोकलेलं आहे, आणि खाली सतरा हा आकडा.

ते गॅरेज कुवेतमधलं. तिथे मी रंगनाथच्या हाती पडलो. रंगनाथ अंबाजोगाईकडचा, सत्तावीस वर्षांचा मेकॅनिक. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगायचा. १९९०च्या ऑगस्टमध्ये युद्ध आलं. मालक देश सोडून गेला, आणि चाल करून आलेल्या इराकी सैनिकांनी मागे राहिलेल्या सहा कामगारांना गॅरेजातच कोंडलं. बंदुकीच्या धाकाने त्यांच्याकडून लष्करी ट्रक दुरुस्त करून घेतले. पगार नाही, पोटभर अन्न नाही. सव्वादोन महिन्यांनी सुटका झाली, तेव्हा रंगनाथच्या बोचक्यात दोन कपडे आणि मी, एवढाच ऐवज होता.

पुढे नुकसानभरपाईचे अर्ज निघाले. देश सोडावा लागला म्हणून त्याला पैसे मिळाले. पण सक्तीने राबवलं, त्याचं काय? "पुरावा आणा," एवढंच उत्तर. बंदूक रोखणारा कधी पावती देतो का? रंगनाथने तो नाद सोडला. मी कोनाड्यात गंजत पडलो.

मग कतारला फुटबॉल विश्वचषकाचं यजमानपद मिळालं, स्टेडियमची कामं निघाली, आणि पन्नाशी ओलांडलेला रंगनाथ पुन्हा आखातात आला. त्याने मला रॉकेलने घासून लख्ख केलं. अल थुमामा स्टेडियमच्या साइटवर मी पुन्हा नट आवळू लागलो. काय सांगू तो आनंद!

तिथल्या ऑफिसात नीलांबरी नावाची नाशिकची इंजिनियर होती. बारा वर्षं दोहात काढल्यामुळे तिला अरबी वाचता यायचं. एकदा तिने मला हातात घेतलं. "काका, हे गॅरेज तर कुवेतचं. हा पाना तुमच्याकडे कसा आला?"

रंगनाथने सगळं सांगितलं. नीलांबरीने त्याच आठवड्यात गॅरेजला ईमेल धाडला.

महिन्याभराने मैमुना दोहाला आली. जुना मालक वारला होता. आता गॅरेज ही त्याची मुलगी चालवत होती. तिच्या हातात जाडजूड रजिस्टर होतं; कोणतं अवजार कोणत्या कामगाराकडे, याची त्यात नोंद होती. ती हिंदीत म्हणाली, "वडिलांच्या कागदांत सापडलं. युद्धाच्या भरपाईत सहा कामगारांचा वाटा त्यांना मिळाला होता. त्यांनी तुम्हाला शोधलंच नाही." तिने मला उलटसुलट करून पाहिलं, रजिस्टरवर बोट ठेवलं. "पाना सतरा, रंगनाथ. तुमचा पुरावा पक्का. तुमचा वाटा आजच देते."

"आणि बाकीचे पाच?"

"त्यांच्याकडे काय पुरावा आहे, भाई?"

रंगनाथ उठून उभा राहिला. "मग मलाही नको. एकट्याने नाही राबलो मी." आणि डोळे मिटून तो बोलू लागला. "अठरा नंबरचा पाना बाबूचा. जॅक चार, युसुफचा. मोठा हातोडा नऊ, केरळच्या थॉमसचा..." त्याने एकेक नाव घेतलं, एकेक आकडा सांगितला. मैमुनाचं बोट रजिस्टरवर सरकत होतं. पाचच्या पाच जुळले! सत्तावीस वर्षांनंतर, मित्रांनो!

मैमुनाने रजिस्टर मिटलं. तिचे डोळे भरले होते. "खलास, ठरलं," ती म्हणाली. "सहाही जणांना देते. आणि तुम्हाला जबरदस्तीने राबवलं, हेही माझ्या सहीने लिहून देते."

तिने शब्द पाळला. पाचही घरं शोधून काढायला नीलांबरीला चार महिने लागले. बाबू आता नव्हता. त्याची बायको पारूबाई हिला फोन लागला, तेव्हा साइटवर क्रेनचा गडगडाट चालू होता.

"वहिनी, पैसे यायलेत, अन् राबवल्याचा सहीचा कागद बी आलाय," रंगनाथ ओरडून म्हणाला.

"पैशाचं र्‍हाऊ द्या, भावजी. कागदावर ह्यांचं नाव हाय का?"

"हाय की!"

"मग आधी ते वाचा."

रंगनाथने कागद उलगडला आणि क्रेनच्याही वर आवाज चढवून बाबूचं पूर्ण नाव वाचलं. आजूबाजूच्या माणसांनी हातातलं काम थांबवून टाळ्या वाजवल्या. मी लोखंडाचा खरा, पण त्या दिवशी माझीही छाती फुगली.

मित्रांनो, अवजारांना तेलपाणी करत जा, त्यांना गंजू देऊ नका. आणि जे तुमच्या खांद्याला खांदा लावून राबले, त्यांची नावं तोंडपाठ ठेवा. कुणी विचारलंच, तर ती मोठ्याने सांगता आली पाहिजेत.