चाळिसावं पान

माझी धार सरळ नाही. मध्यभागी ती गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतकी आत गेली आहे. मित्रांनो, मी मठाच्या लेखनदालनातला एक जुना चाकू आहे आणि ही झीज म्हणजे इथल्या विद्वानांनी केलेल्या चुका.

ऱ्हाईनकाठच्या लोहाराने मला घडवलं, हरणाच्या शिंगाची मूठ बसवली. मग माझी गाठ लेखनिक साधूंशी पडली. त्यांच्या उजव्या हातात लेखणी, डाव्या हातात मी. वासराच्या कमावलेल्या कातड्याचं पान दाबून धरायचं, बोथट पीस तासायचं, चुकलेलं अक्षर खरवडायचं, ही माझी कामं. कौतुक मात्र लेखणीचं. हंसाच्या पंखातलं एक पीस! महिन्याभरात संपतं, पण तोरा केवढा!

तिशीतला लिउटोल्ड त्याच थाटाचा. मठाधिपतींचा सख्खा भाचा. अक्षर देखणं, डोकं रिकामं. शेजारच्या साध्वींच्या दवाखान्यासाठी त्याला औषधांची पोथी उतरवायला दिली होती. चाळिसाव्या पानावर एका विषारी मुळाचा काढा होता. मूळ उकळावं, ते पाणी फेकून द्यावं, नव्या पाण्यात पुन्हा उकळावं आणि मग रोग्याला पाजावं. लिउटोल्डने पहिलं ‘उकळावं’ लिहिलं, पीस शाईत बुडवलं, आणि परत पाहताना त्याची नजर दुसऱ्या ‘उकळावं’वर टेकली. पाणी फेकायचं राहूनच गेलं. विष थेट पेल्यात. वर या महाशयांनी पानाच्या पहिल्या अक्षराला सोन्याचा मुलामा दिला.

म्हातारा विगबर्ट आमचा तपासनीस. चूक त्याला त्याच दिवशी सापडली. त्याने मला उचललं, आणि परत खाली ठेवलं. का? त्याची बैठक स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून होती. भाच्याला दुखावलं तर ती उबदार जागा जाणार. एका भिंतीच्या उबेसाठी हा माणूस वीस दिवस गप्प बसला! आमची शाई ओकच्या झाडावरच्या गाठींची आणि हिराकसाची. ती रोज कातड्यात थोडी थोडी खोल उतरते. जी पहिल्या दिवशी हलक्या हाताने निघाली असती, तिच्यासाठी आता पान झिजवावं लागणार होतं. मला लेखण्या बऱ्या वाटू लागल्या, यावरून काय ते समजा.

दालनात बोलायला बंदी होती, पण लिउटोल्डला नियम कसले!

“काय भाऊ, नाक पानातून वरच येत नाही तुमचं! वाचता की वास घेता?” तो विगबर्टकडे झुकून कुजबुजायचा, आणि बाकीचे खुसखुसायचे.

मित्रांनो, कुणाचं काही उतरवून घ्याल तेव्हा मूळ ओळीवर बोट ठेवा. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. आणि दुसऱ्याची चूक दिसली, तर जागेची ऊब मोजत बसू नका.

एकविसाव्या दिवशी साध्वींचा गडी खेचर घेऊन दारात उभा राहिला. मठाधिपतींनी पोथी उघडली ती नेमकी सोनेरी पानावर.

“वा! मोती ओवलेत पोराने! विगबर्ट, नीट तपासलंस ना? की डुलकी काढलीस?”

“डुलकीच असणार, फादर,” लिउटोल्ड म्हणाला. “घोरणं ऐकलंय मी.”

सगळे हसले. दारातला गडी तेवढा हसला नाही.

“जरा लवकर द्या, महाराज,” तो म्हणाला. “सात जणी तापाने पडल्यात. काढा आजच चढवायचाय.”

विगबर्टची बोटं माझ्या मुठीभोवती आवळली. थंडगार, घामेजलेली बोटं. उठताना त्याने पाटाला धक्का दिला आणि दौत कलंडली.

“पोथी आज जाणार नाही, फादर,” तो म्हणाला. “या पानावर दोन ओळी गळल्यात आणि त्याने माणूस मरेल. हे पान मी खरवडणार. सोन्यासकट.”